उलटा हात

दवनीवाड्यात माझ्या ऑनलाइन सेंटरला लागून राइस मिल आहे. तिची मोटर सुरू झाली की माझ्या कॉम्प्युटरची स्क्रीन थरथरायची, सीपीयूला हात लावला की झिणझिण्या यायच्या. अर्थिंग करायला कामठ्याहून एक म्हातारा आला. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून झाल्यावर त्यानं सीपीयूला हाताची मागची बाजू लावली, पोराचा ताप पाहावा तशी.

"उलटा हात काऊन?" मी विचारलं.

"सुलटा लावला तं करंट पकडून ठेवते. घरी सोडवाले कोनी नाही ना, सवय लागली."

मिल सुरू झाली. स्क्रीन थरथरली नाही. चहा संपला तरी तो बराच वेळ बसून राहिला, मग गेला.

सेंटरमागच्या खोलीत मी एकटाच राहतो. हल्ली फ्रिज उघडण्याआधी मीही उलटा हात लावून पाहतो.