उजवीकडची सीट

वजन कमी करण्याची प्रतिज्ञा करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत; परंतु स्वतःच्या देहाला तिळमात्र तोशीस न लावता ती प्रतिज्ञा वर्षानुवर्षे पाळणारा गृहस्थ भूतलावर एकच असावा, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. काका व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. थोड्या मुदतीच्या कंत्राटावर पुण्याहून जपानला आले आणि परत जायचे विसरून टोकियोजवळ उरायासुला राहिले. कमीत कमी ओळींत प्रोग्राम लिहिणारा माणूस म्हणून कंपनीत त्यांची ख्याती आहे. काटकसरीचा हाच विकार पुढे त्यांच्या मोटारीला जडला. मोटार अमेरिकन, वयाने माझ्या आईएवढी आणि लांबीने अशी, की उरायासुच्या गल्लीत ती वळवण्यापेक्षा गल्लीच वळवून घेणे सोयीचे. तिचे आठ सिलिंडरचे इंजिन सुरू झाले की आसपासची जपानी माणसे भूकंप समजून मोबाइलवर सूचना आली का ते पाहतात. म्हणून तिचा मुक्काम चिबातल्या खेड्यात एका शेतकरीणबाईंच्या शेंगदाणे साठवायच्या शेडमध्ये. या गाडीमुळे घराला झालेला फायदा विचारला तर मावशी प्रामाणिकपणे सांगते, "दाण्याच्या कुटाला दाणे चांगले मिळतात."

या मोटारीचे जीवितकार्य एकच, ड्रॅग रेसिंग. म्हणजे दोन गाड्यांनी शेजारी उभे राहायचे, दिवा हिरवा झाला की नाकासमोर चारशे मीटर सुटायचे आणि थांबायचे. वळण नाही, देखावा नाही, मधल्या मध्ये चहा नाही. डझनभर सेकंदांत आटोपणाऱ्या या कार्याची तयारी काका वर्षभर करतात. एकदा बारा सेकंदांच्या आत यायचे, ही त्यांची एकमेव महत्त्वाकांक्षा. यंदा तिला मुदतही लागली होती. मार्चअखेर काका निवृत्त होऊन दोघे कायमचे पुण्याला निघणार होते, मोटारीला गिऱ्हाईक ठरले होते, आणि नोव्हेंबरची शर्यत ही शेवटची होती.

मीही जपानातच, उत्तरेला सेंदाईच्या विद्यापीठात, हलक्या पण मजबूत पदार्थांवर संशोधन करते, हे माझे दुर्दैव. काकांच्या मते विद्यापीठाने ही शाखा त्यांच्याच सोयीसाठी उघडली. दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि कुशलप्रश्न वगैरे निरर्थक वजन वगळून थेट विषयाला हात घालतो. "बॉनेट फायबरचं बसवलं. आता बिजागऱ्यांना भोकं पाडू का?" मी म्हणते, बिजागरीला भोक पाडून दहा ग्रॅम वाचतील आणि बॉनेट तोंडावर येईल. "दहा ग्रॅम?" असे काका पुन्हा विचारतात. तोंडावर येणाऱ्या बॉनेटची चिंता त्यात नसते. दहा ग्रॅम वाचतील, ही वार्ता त्यांना दुसऱ्यांदा ऐकायची असते. त्यांनी मोटारीचा हीटर काढला, मागची बाके काढली, गालिचा काढला, काचा काढून पारदर्शक प्लास्टिक लावले, काचा खाली-वर करायची यंत्रणा काढली, आणि एवढे झाल्यावर आपले दार सोडून पलीकडच्या दाराची आतली कडीही काढली. निघालेला प्रत्येक स्क्रू घरी आणून ते मावशीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत. एका दिवाळीत बेसनाच्या लाडवांना ग्रीसचा अस्पष्ट पण निश्चित वास आला. त्यानंतर मावशीने नवा काटा आणला आणि कुलपात ठेवला.

काढलेल्या अवयवांची विल्हेवाट हा तर स्वतंत्र विषय आहे. जपानात कचऱ्याला शिस्त असते: जळणारा वेगळ्या दिवशी, न जळणारा वेगळ्या दिवशी, आणि मोठ्या वस्तूंसाठी आधी फोन करून, कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, शुल्काचे स्टिकर विकत आणून, ते वस्तूवर लावून वाट पाहायची. काकांना ही पद्धत मनापासून आवडते. मागच्या बाकाचे त्यांनी शवविच्छेदन केले. स्पंज जळणाऱ्यात, स्प्रिंगा न जळणाऱ्यात, कापड धुऊन, घडी घालून जुन्या कपड्यांत. दुसऱ्या दिवशी इमारतीचे वयस्कर व्यवस्थापक सगळी गाठोडी परत घेऊन दारात उभे. प्रत्येकावर लाल चिठ्ठी. मोटारीचे भाग घरगुती कचऱ्यात चालत नाहीत, असे त्यांनी तीनदा वाकून, क्षमा मागून सांगितले. काकांनी चारदा वाकून स्प्रिंगा परत घेतल्या आणि मावशीला अभिमानाने म्हणाले, "बघितलंस? वर्गीकरणात त्यांना एक चूक सापडली नाही."

वसंतातल्या शर्यतीत तर त्यांनी कहर केला. टाकीतले पेट्रोल म्हणजे केवळ ओझे, हे तत्त्व त्यांनी पराकोटीला नेले आणि लागेल तेवढेच, अगदी कपाने मोजून, भरले. इंजिनाने तो हिशोब मान्य केला नाही. शेवटचा टप्पा मोटारीने पूर्ण शांततेत, स्मशानयात्रेच्या गांभीर्याने पार केला. प्रेक्षकांनी सहृदयतेने टाळ्या वाजवल्या. मावशी फोनवर ऐकून म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी इंजिनच काढून ठेवा. केवढं वजन आहे त्याचं."

एका रविवारी त्यांच्याकडे जेवताना मी शास्त्रीय निष्ठेने स्पष्ट केले की गाडीत सर्वांत सहज कमी करता येईल असे वजन चालकाच्या पट्ट्याच्या वर आहे. काका तेव्हा चौथा बटाटेवडा घेत होते.

"हे वजन स्टॅटिक आहे," ते म्हणाले.

"स्टॅटिक कसलं, दर दिवाळीला वाढतं," मावशी म्हणाली. "याला कुठे भोक पाडणार ते विचार त्यांना."

तरीही माझ्या हिशोबात न बसणारी वस्तू पोट नव्हती. ती होती चालकाशेजारची सीट. मोटार अमेरिकन असल्याने काका डावीकडे बसतात आणि ही सीट उजवीकडे. उघड्याबोडक्या पत्र्याच्या त्या गुहेत ती एकटी शाबूत होती: जाड स्प्रिंगांची, लोखंडी सांगाड्याची, वर धुतलेली खोळ. शर्यतीत शेजारी कोणाला बसवायची परवानगीच नसते. मी विचारले, ही का ठेवली? काका म्हणाले, तोल सांभाळायला, मी डावीकडे असतो ना. मी म्हटले, मग बॅटरी मागे उजवीकडे बसवा. तीही जड असते आणि ती लागतेच. काकांनी पुढच्याच आठवड्यात बॅटरी हलवली. सीट तिथेच राहिली. मग म्हणाले, तिच्यामुळे सांगाडा मजबूत राहतो. मी आकृती काढून दाखवले की राहत नाही. काकांनी आकृती बारकाईने पाहिली, माझे कौतुक केले आणि म्हणाले, "राहू दे गं ती."

या सीटचा पूर्वेतिहास मला मावशीकडून आधीच ठाऊक होता. मोटार घेतली त्या दिवशी मावशी शेडमध्ये आली होती. "घरात कपाटाला जागा नाही आणि तुम्ही हे जहाज आणलंत," ती म्हणाली होती. "मी काही यात पाऊल टाकणार नाही." मावशी शब्दाची पक्की आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीत एकदा शिळा पाव मिळाला, तेव्हापासून ती पावासाठी एक स्टेशन पुढे जाते. काकांनी तिला गाडीत बसायचा आग्रह कधी केला नाही. खोळ मात्र ते धूत राहिले.

नोव्हेंबरची शर्यत उत्तरेकडच्या एका जुन्या धावपट्टीवर होती. मोटार रस्त्यावर चालवायला परवानगी नसल्याने ती ट्रकवर आली. मावशी प्रथमच आली होती, बरोबर थालीपिठांचा डबा घेऊन. हवा कोरडी, थंड आणि निश्चल होती. इंजिनाला याहून चांगली हवा मिळत नाही. दिवा हिरवा झाला, मोटारीने पुढचा भाग उचलला, आणि मावशीने नकळत माझा दंड घट्ट धरला. मी त्या क्षणी कोणतीही नोंद करण्याच्या स्थितीत नव्हते.

काका वेळेची चिठ्ठी घेऊन परत आले तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे दिली. बारा सेकंद आणि वर तीन शतांश. माझ्या डोक्यात गणित आपोआप सुटले. एवढ्या मोटारीत तीन शतांश सेकंद म्हणजे साधारण एका लोखंडी सीटचे वजन.

"काय झालं?" मावशीने विचारले.

"थोडक्यात हुकलं," मी म्हटले.

"कशामुळे?"

'कशामुळे' याचे उत्तर देण्यासाठी मला विद्यापीठ शिष्यवृत्ती देते. मी काकांकडे पाहिले. काका हेल्मेट पुसत होते.

"वारा होता समोरून," ते म्हणाले.

धावपट्टीच्या कडेचे सगळे झेंडे खाली मान घालून लोंबत होते. मावशीने झेंड्यांकडे पाहिले. मग ती मोटारीजवळ गेली आणि वाकून आत डोकावली. बराच वेळ डोकावली.

"सगळं उचकटलंत, आणि ही एवढी कशाला ठेवलीत?"

"राहिली," काका म्हणाले.

"राहिली," मावशी म्हणाली. मग तिने डबा माझ्या हातात दिला, स्वेटर सारखा केला आणि आत बसली. "ट्रकपर्यंत जाते ना ही?"

"जाते की."

दार लावल्यावर तिचा हात कडी शोधू लागला. "अहो, हे आतून उघडत नाही."

"कडी काढली. दोनशे ग्रॅम होती."

"म्हणजे मी उतरायचं कसं?"

"मी उघडीन ना बाहेरून."

ट्रक समोरच उभा होता. तरी मोटार त्याच्यापाशी न थांबता मैदानाच्या कडेने, माणसाच्या चालीने निघाली. एवढे मोठे इंजिन इतक्या हळू चालवायला किती कष्ट पडतात, ते मला ठाऊक आहे. संपूर्ण वळसा घालून ती परत आली. काका लगबगीने उतरले, पुढून फिरून उजवीकडे आले आणि त्यांनी दाराला हात घातला.

प्लास्टिकच्या खिडकीतून मावशीचा आवाज आला. "थांबा की जरा. एवढी कसली घाई आहे?"