डाव्या हाताची गाठ

चैत्रात सोनगीरची माणसं पायी सप्तशृंगीच्या गडाला निघायची आणि वाटेतल्या त्यांच्या पोटाची चिंता मंजुळाबाई वाहायची. लवकर विटेल ते जवळच्या मुक्कामाला, टिकेल ते लांबच्या. म्हणून दशम्या अलीकडे, तिखट पुऱ्या नि गूळ-दाणे पलीकडे. ज्याची त्याची शिदोरी वेगळ्या फडक्यात बांधून ती बैलगाडीने पुढे धाडायची. गाडीवान ती वाटेवरच्या देवळांत आढ्याला टांगून यायचा.

हे सगळं सासूने, भिकुबाईने शिकवलेलं. वर एक ताकीद, डाव्या हाताने फक्त मेलेल्याची शिदोरी बांधायची : "डावा हातनी गाठ मरेलनी शे. जित्ता मानोसले बांधू नको." आणि घरात काहीही वाढायचं झालं की म्हातारीचा आपल्या लेकासाठी एकच हेका, "पहिले मना अभिमनले!"

चौपन्न साली, म्हातारी जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मंजुळाबाईचा उजवा हात तव्यावर पोळला. गाडी दारात उभी. "मेलं ते खूळ!" म्हणत तिने राहिलेल्या, शेवटच्या मुक्कामाच्या सगळ्या गाठी डाव्या हाताने मारल्या.

गडावरून नवरा, अभिमन, परतला तो पांढराफटक. शेवटच्या देवळात शिदोऱ्यांच्या गाठी जशाच्या तशा होत्या, पण आत कणही नव्हता. सगळे उपाशी चालले. त्याची एकट्याची शिदोरी तेवढी जड लागत होती.

"मी सोडीच नही वं," म्हणत त्याने ती बांधलेलीच तिच्यापुढे ठेवली.

मंजुळाबाईने गाठ पाहिली. उजव्या हाताची होती, टोकं आत खोचलेली. म्हातारी खोचायची तशी.