ऊन देवाचं, पेटी कोणाची

कुत्र्यानं माझी खिचडी खाल्ली. माणसानं नाही खाल्ली.

शाळेच्या पटांगणात, भर दुपारी, सगळ्या गावासमोर. मी पेटीचं झाकण उघडलं अन् वाफ निघाली. ना सरपण, ना गोवऱ्या, ना धूर. नुसत्या उन्हावर तांदूळ अन् तुरीची डाळ शिजून मऊ झालती. बाया तोंडाले पदर लावून पाहून राह्यल्या होत्या. पुण्याहून आलेले प्रोफेसर चश्मा पुसून डब्यात डोकावले अन् 'उत्तम' म्हणाले. मी पळसाचे द्रोण भरले. पहिला द्रोण आबासाहेब देशमुखांपुढे धरला. गावातली चांगली जमीन सगळी त्यांची, अन् नव्या जिल्हा परिषदेत निवडूनही तेच आलेले. ते खुर्चीतून हलले नाही. द्रोणाकडे पाहत म्हणाले,

"ऊन तं देवाचं हाय बे. पन पेटी कोनाची हाय?"

गाव हसलं. मी हात लांब करून तसाच उभा. गरम द्रोणानं बोटं भाजून राह्यली होती, पण मागं कसा घेऊ? मग त्यांचा पोरगा सुधाकर उठला. माझ्याच वर्गातला, लोणारच्या शाळेत एका एसटीनं जायचो आम्ही. त्यानं मले द्रोण खाली ठेवायले लावला, अन् चपलेनं सरकवत कुत्र्याकडे नेला. कुत्रं चाटूनपुसून खाऊन गेलं. "घ्या, एकानं तं खाल्ली," सुधाकर म्हणाला. तेव्हा तं लोक पोट धरून हसले.

मी शिकलेला माणूस आहे. औरंगाबादेत विज्ञान शिकलो, लोणारच्या हायस्कुलात शिकवतो. पुस्तकासारखं बोलता येतं मले. पण हे सांगतो तं गावच्या 'मले-तुले'तच सांगतो. ज्या जिभेवर अपमान झाला त्याच जिभेनं त्याचा हिशेब व्हावा.

पेटी माझी होती. चहाच्या खोक्याच्या फळ्या, खोक्यात खोकं, मधल्या जागेत कापूस ठासलेला. वर काच, झाकणाले न्हाव्याकडचा जुना आरसा. आतल्या डब्याले मायच्या चुलीची काजळी तेलात कालवून फासली होती. मायनं सारी उमर दुसऱ्याच्या धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या काड्या वेचल्या. काड्यांसाठी शिव्या खाल्ल्या. धुरानं तिचे डोळे कायम लाल. आमच्या मुलखात बाकी कशाची कमी-जास्त असन, उन्हाची कमी नाही. तेच ऊन चुलीले जुंपावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्याच साली पेपरात आलं की परदेशातली एक संस्था फेलोशिप देऊन राह्यली आहे. कोरड्या मुलखात उन्हाच्या जोरावर चूल चालवायची, पंप चालवायचा, त्याचं संशोधन. दोन वर्षं तिकडं राहायचं, अन् परत आल्यावर इकडं कारखाना काढायले मदत. प्रोफेसर निवड करणाऱ्यांतले. माझं काम त्यांनी माझ्या अर्जात वाचलं होतं अन् ते पाहायले गावात आलते. त्या दिवशी कुत्र्याचं जेवण झाल्यावर त्यांनी मले लिंबाखाली नेलं. मले वाटलं, आता हा शिकलेला माणूस चार शब्द तरी चांगले बोलन.

ते म्हणाले, "तुमची चूल यशस्वी आहे. पण फेलोशिप चुलीला नसते, लोकांनी ती स्वीकारण्याला असते. तुमच्या हातचं लोक खात नाहीत, त्याला मी काय करू?"

म्हणजे नापास कोण झालं? गाव नाही. मी. खाणाऱ्याचं तोंड विटाळतं, म्हणून रांधणाऱ्याचं विज्ञान कच्चं! आज वाटते तेव्हाच बोलायले पाह्यजे होतं.

मग त्यांनी 'व्यवहाराची' गोष्ट काढली. महिन्याभरात संस्थेचा गोरा साहेब स्वतः येणार होता. त्याच्यापुढं पेटी सुधाकर दाखवन. सुधाकरच्या हातचं गाव खाईन. नाव सुधाकरचं जाईन अन् मी सहायक राहीन. पुढच्या वर्षी मात्र नक्की तुमचा विचार करू, असं ते दोनदा म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा कसा बसते, हे मी त्या दिवशी उघड्या डोळ्यानं पाह्यलं. तरी मी मान डोलावली. 'पुढच्या वर्षी' या शब्दात लई जोर असते. गरिबाचं अर्ध आयुष्य त्याच्यावर निघून जाते.

साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी सुधाकर आमच्या दारात आला. आमच्या वस्तीले आम्ही बुद्धवाडा म्हणायचो, गाव अजून महारवाडाच म्हणे. धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हापासून गावाच्या पोटात आमच्याबद्दल खदखदच होती. सुधाकर अंगणाच्या बाहेरच उभा राह्यला. मायनं बाज टाकली, तो बसला नाही. डाळ-तांदळाचं गाठोडं भिंतीवर ठेवलं अन् मले दोस्त म्हणाला. शाळा सुटल्यापासून त्यानं मले कधी दोस्त म्हटलं नव्हतं.

त्याचं काम असं होतं. पेटी सकाळपासून उन्हात ठेवावी लागते, सूर्य सरकला की तीही सरकवावी लागते. त्याले उन्हात उभं राहायचं नव्हतं. त्यातून साहेबासमोर कच्ची निघाली तं नाक कापलं जाईन, ही भीती. म्हणून म्हणे, तूच तुमच्या अंगणात शिजव, दुपारी झाकूनझुकून शाळेत आणून ठेव, झाकण मी उघडतो.

"अन् गावाले समजलं तं?" मी विचारलं.

"कोन सांगते? तू सांगशीन?"

हसत हसत गेला. त्याले खात्री होती. माझी 'पुढच्या वर्षी' त्याच्या खिशात होती ना!

मी मायले म्हणालो, नाही करायचं आपण हे. माय गाठोडं सोडून सुपात तांदूळ घेऊन बसलीही होती. खडे निवडता निवडता म्हणाली, "करतो मी. त्याईच्या जमिनीत निंदन करू करू माहे हात झिजले. त्या हाताचं ते खातीन, मले पाह्यचं हाय." मी तिचं तोंड पाह्यलं. हसत नव्हती, रागातही नव्हती. सकाळी तिनं आमच्या विहिरीचं पाणी घातलं, हळद घातली. मीठ सुधाकर द्यायले विसरला होता. ते तिनं आमच्या घरातलं घातलं.

दुपारी पटांगण भरलं. गोरा साहेब उंच, लालबुंद, घामानं निथळून राह्यलेला, पण माणूस हसरा. माझ्या हातात छत्री दिली. साहेबाच्या डोक्यावर धरायची. सहायकाचं काम ते. सुधाकर कडक इस्त्रीच्या कपड्यात पेटीपाशी उभा, अन् प्रोफेसर त्याच्याबद्दल इंग्रजीत सांगून राह्यले होते. शेतकऱ्याचा मुलगा, गावात राहून संशोधन केलं, मायबहिणींचा धूर वाचवला. एक एक शब्द माझा. मायचा धूरही त्यांनी चोरला.

झाकण उघडलं. वाफ निघाली. ह्या वेळेस टाळ्या पडल्या.

अन् गाव जेवलं. आबासाहेब जेवले, सरपंच जेवले, देवळातले महाराज जेवले. ज्या बाया मागच्या खेपेस तोंडाले पदर लावून होत्या, त्यांनी पोरांले भरवलं. आबासाहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली, बोटं चाटली अन् प्रोफेसरांले म्हणाले की घरच्या तांदळाची चवच न्यारी. शाळेच्या भिंतीपलीकडं, उन्हात, माय उभी होती. डोक्यावर पदर, डोळ्यांवर हाताची सावली. एक एक घास पाहून राह्यली होती.

खरं सांगतो, तोवर माझं बोलायचं मन नव्हतं. पुढचं वर्ष मले पाह्यजे होतं. पण गोऱ्या साहेबानं मान वर केली, छत्रीखाली मले पाह्यलं अन् प्रोफेसरांले विचारलं, हा काऊन जेवत नाही? प्रोफेसर क्षणभरही अडखळले नाही. म्हणाले, त्याचा आज उपास आहे.

उपास! पिढ्यान् पिढ्या उपाशी ठेवलं, अन् वरून त्याले उपास नाव दिलं. माझ्या डोक्यात जे काय इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं ते तटकन् तुटलं. मी छत्री मिटली. साहेबाच्या डोक्यावर ऊन पडलं. मी आबासाहेबांपुढं जाऊन उभा राह्यलो, मागच्या वेळेस द्रोण घेऊन जिथं उभा होतो तिथंच.

"आबासाहेब, खिचडी माह्या मायनं रांधली. तांदूळ तिनं निवडले. पानी बुद्धवाड्याच्या विहिरीचं हाय. सकाळपासून पेटी आमच्या अंगनात होती. खोटं वाटत असन तं तुमच्या सुधाकरले विचारा, त्यानंच रांधायले सांगतलं होतं. अन् मीठ आमच्या घरचं हाय. आता खाल्ल्या मिठाले जागा."

आबासाहेबांनी माझ्याकडं पाह्यलंच नाही. त्यांनी पोराकडं पाह्यलं. "खरं हाय?" त्यांनी विचारलं. सुधाकर पायाच्या अंगठ्यानं माती उकरून राह्यला होता. त्यानं नाही म्हटलं असतं तं निभलं असतं, गाव त्याचंच ऐकणार होतं. पण बापासमोर त्याले ते खोटं बोलता आलं नाही.

मग ओकाऱ्या सुरू झाल्या. महाराज भिंतीशी पळाले. बायांनी पोरांच्या घशात बोटं घातली, पोरं रडायले लागली, त्यांले अजून खायची होती. आबासाहेब, जिल्हा परिषदेचे आबासाहेब, लिंबाखाली वाकून घशात बोटं घालून राह्यले होते. मी पाहत होतो. मजा आली मले. कोणी मले सांगू नये की असं वाटायले नको होतं. कुत्र्यानं खाल्ली तेव्हा त्यांले आली होती ना मजा?

गोरा साहेब घाबरून विचारून राह्यला की अन्नात काही होतं का. प्रोफेसर म्हणाले, उन्हानं मळमळलं लोकांना. तेव्हा मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. साहेब, अन्न चांगलं आहे. माझ्या आईनं तांदूळ धुतले म्हणून हे ओकून राह्यले आहेत. चूलही माझीच आहे.

त्याले समजलं. त्याच्या तोंडावर दिसलं की समजलं. हातातल्या द्रोणात अर्धी खिचडी होती. मले वाटलं, हा तरी खाईन. त्यानं द्रोण हळूच बाकावर ठेवला, रुमालानं हात पुसले अन् म्हणाला की हा तुमचा आपसातला प्रश्न आहे, आम्ही यात पडत नाही. मग जीपमध्ये जाऊन बसला. समुद्रापलीकडून आलेला माणूस, पण निघाला तोही त्यातलाच.

लोकांनी पेटी त्याच दुपारी फोडली. माय भिंतीच्या आत आली, काचा वेचल्या, डबा उचलला. डब्यात तळाशी उरलेली खिचडी तिनं तिथंच, पटांगणात बसून खाल्ली. कोणाची हिंमत झाली नाही तिले उठवायची. दुसऱ्या दिवसापासून तिचं निंदन बंद, गिरणीवर आमचं दळण बंद. मले नोकरीतून काढायचा आबासाहेबांनी लई जोर लावला, जमलं नाही. फेलोशिप पुण्याच्याच कोणाले मिळाली. त्याच्या चुलीचा फोटो मी पेपरात पाह्यला. पेटी माझीच होती, आरसा तेवढा मोठा केला होता. 'पुढच्या वर्षी' मी मागायलेही गेलो नाही.

मी पेट्या करायले लागलो. लोणारच्या सुताराले हाताशी धरलं. जवळच्या बीबी गावच्या बाजाराच्या दिवशी रस्त्यावरच मांडून बसतो, माय शेजारी, पेटीत खिचडी शिजत असते. पेटी घ्यायची कोणालेही मुभा आहे. नियम एकच. आधी मायच्या हातचा द्रोण खायचा, चार माणसांत, बसून. काही शिव्या देऊन जातात. काही खातात. जे खातात त्यांच्या घरी धूर नसते.

मग पावसानं दगा दिला. लागोपाठ. लोकांनी धुऱ्यावरची बाभूळ तोडली, कपाशीची पऱ्हाटी जाळली, तुरीची धसकटंही संपली. ढोरं विकली तं गोवऱ्या कुठून येतीन? गेल्या पंधरवड्यात सुधाकर आला. पुन्हा अंगणाच्या बाहेरच उभा. म्हणे, घरातल्या बाया काड्यांसाठी रानोमाळ फिरून राह्यल्या आहेत, पाह्यजे ती किंमत घे पण एक पेटी दे.

मी म्हणालो, "किंमत तुले मालूम हाय. बापाले घेऊन ये."

तो गेला. अजून आला नाही. येईन तो. जळण कोणाचीच जात पाहत नाही, संपलं की संपलं. आला तं मी माफबिफ करणार नाही, ते ज्याले जमते त्यानं करावं. मी गावाले बोलावीन. शाळेच्या पटांगणात, भर दुपारी, आबासाहेबांले खुर्चीवरून उठवून मातीत बसवीन. माय वाढन. ते गिळेपर्यंत मी समोर उभा राहीन, अन् लिंबाकडं जाऊ देणार नाही.

अन् पहिला द्रोण त्यांचा नाही. पहिला द्रोण कुत्र्याचा. आमच्या हातचं गावात सगळ्यात आधी त्यानं खाल्लं.