शेवटची पाच मिनिटं सोडून

देवासपासून धारपर्यंत जेवढी म्हणून भीती आहे, तिच्यातली निम्मी आमच्या शेजारच्या टीव्हीवाल्या काकांनी एकट्याने सांभाळली आहे. उरलेली निम्मी आपण सगळ्यांनी वाटून घेतली, म्हणून आपलं बरं चाललंय. काका मांजराला भितात, विजेच्या कडकडाटाला भितात, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला भितात आणि ओळखीच्या नंबरवरून अवेळी फोन आला तर त्याहून जास्त भितात. सारा जन्म देवासात गेला, पण टेकडीवर देवीला जायचं तर पायऱ्यांनीच, आणि तेही कठड्यापासून लांब. रोपवे सुरू झाला तेव्हा काकूंनी हौसेने दोन तिकिटं काढली होती. काकांनी काकूंना पाळण्यात बसवलं, "तू हो पुढे, मी जरा वायर बरोबर आहे का पाहतो," असं म्हणाले आणि स्वतः खाली उभे राहून वायरला हात जोडले. काकू दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन परत आल्या तरी हात जोडलेलेच!

आणि हा माणूस आयुष्यभर टीव्ही दुरुस्त करत आला. मागचं झाकण उघडून, चुकून हात लागला तर आपण समोरच्या भिंतीवर जाऊन आदळू अशा ठिकाणी हे बिनधास्त बोट घालायचे. मी एकदा विचारलंच, "काका, इथे नाही का डर लागत?" तर म्हणाले, "अगं बाई, करंट कुठे आहे ते मला माहीत असतं ना. जे माहीत आहे त्याला काय भ्यायचं?" तेव्हा मी हसले होते.

मी चौथीत होते तेव्हा रविवारी सकाळी 'यान सत्ताईस' नावाची हिंदी मालिका लागायची. एक अंतराळयान, त्यात पाच माणसं, आणि दर आठवड्याला जिवावरचं काहीतरी. यान थर्माकोलचं होतं आणि त्याची बटणं म्हणजे स्टीलच्या डब्यांची झाकणं होती, हे आज दिसतं. तेव्हा आम्ही श्वास रोखून बघायचो. काकांच्या दुकानात दुरुस्तीला आलेले चार-पाच टीव्ही असायचे, त्यातला सगळ्यात मोठा ते लावायचे आणि अख्खी गल्ली सतरंजीवर मांडी घालून बसायची. मालिकेचं काकांना इतकं वेड की त्या वेळात कोणी गिऱ्हाईक आलं तर त्यालाही भाऊ-भिया करत खांद्याला धरून खाली बसवत. "बसा भिया, तुमचा टीव्ही कुठे पळून जात नाही."

मग आला तो बारावा भाग. यानावरचा इंजिनिअर आजारी पडतो, औषध फक्त पृथ्वीवर. कप्तान त्याचा लहानपणचा दोस्त. तो त्याला काचेच्या थंड पेटीत झोपवतो आणि म्हणतो, "घर पहुँचते ही जगा दूँगा। चाय साथ पिएँगे।" महिने जातात, यान घरी पोचतं, पेटीचं झाकण हळूहळू उघडायला लागतं, आणि नेमका त्याच क्षणी आमचा टीव्ही फट् करून बंद! गल्लीत हाहाकार. काकांनी "फ्यूज, फ्यूज" म्हणत टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि मालिका संपेपर्यंत बाहेर काढलंच नाही. आम्ही पोरं भोकाड पसरून रडलो. तो भाग पुन्हा कधी दाखवला नाही.

शेवट पाहिला तो धारच्या काकांनी. हे आमच्या काकांचे साडू, धारला कचेरीत नोकरीला होते, आणि हट्टात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी ही जोडी. एकमेकांना हाकसुद्धा 'देवासवाले' आणि 'धारवाले' अशीच. धारच्या काकांचं मत असं की बारावा भाग म्हणजे मालिकेचा कळस. आमचे काका म्हणत, "भिकार भाग. आणि शेवट सांगू नका. शेवट न ऐकताच सांगतो, भिकार आहे." हा वाद तीस वर्षं चालला. एका लग्नात पंक्तीत बसून दोघं इतके तावातावाने भांडले की वाढपी श्रीखंड घेऊन तसाच उभा राहिला आणि पुढची अख्खी ओळ पुऱ्यांकडे बघत बसली. धारवाले म्हणायचे, "अहो, मैत्री दाखवलीय ती!" आणि देवासवाले म्हणायचे, "मैत्री दाखवायला माणसाला पेटीत कशाला घालायचं?"

पुढे ती सगळी मालिका मोबाईलवर आली आणि धारच्या काकांनी चाहत्यांचा एक ग्रुप काढला. त्यात आमचे काका, मी, नालछ्याचे एक निवृत्त विज्ञानाचे मास्तर, लोहारद्याचे बियाण्यांचे दुकानदार आणि आणखी सहा-सात वेडे. नियम एकच, आणि तो आमच्या काकांसाठी केलेला: चर्चा करायची ती शेवटची पाच मिनिटं सोडून. ज्या भागाचा जीवच शेवटच्या पाच मिनिटांत, त्याच्यावर आम्ही रोज ती पाच मिनिटं सोडून वाद घालायचो! मास्तर म्हणत, माणूस असा गोठवला तर रक्ताचा बर्फ होईल, हा भाग विज्ञानाच्या विरुद्ध आहे. लोहारद्याचे भिया म्हणत, "का? बियाणं आपण थंडीत ठेवतो, नंतर पेरलं की उगवतंच ना?" यावर मास्तरांनी एकदा लिहिलं, "सगळंच उगवत नाही." काका त्याच मिनिटाला ग्रुप सोडून गेले. दोन दिवस त्यांची समजूत काढावी लागली.

मी तो भाग मोबाईलवर पाहिला होता. इंजिनिअर उठत नाही. कप्तान पेटीजवळ दोन कप घेऊन बसतो, आणि वाफ यायची थांबेपर्यंत आपल्याला नुसते ते कप दिसत राहतात. मी पुढचे दोन दिवस धड जेवले नाही.

गेल्या थंडीत टेकडीच्या पायऱ्यांवर काका छाती धरून खाली बसले. इंदूरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लगेच करायला हवं, पुढचा झटका आला तर वेळ मिळणार नाही. चार-पाच तास पूर्ण भूल देऊन झोपवावं लागेल. 'झोपवावं लागेल' हे शब्द कानावर पडले आणि काकांनी पलंगाचा गज जो धरला तो सोडेचनात. सहीच करीनात. काकू पदराने डोळे पुसत होत्या, नर्स दोनदा येऊन गेली, आणि मला इतकी भीती वाटत होती की हातातली पिशवी कुठे ठेवावी तेसुद्धा सुचत नव्हतं.

"बाई," काका एकदम म्हणाले, "तो फ्यूज गेला नव्हता."

"कुठला फ्यूज?"

"बाराव्या भागाचा. मीच मागे हात घालून काढला होता. झाकण उघडताना पाहवेना गं. अख्ख्या गल्लीला फसवलं मी." त्यांनी गज आणखी घट्ट धरला. "आता एवढं सांग. तो उठतो की नाही?"

तीस वर्षं ज्याने शेवट ऐकायचा नाही म्हणून कान झाकले, तो माणूस आता थेट माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात दारातून आवाज आला, "उठतो."

धारचे काका. पहिल्या बसने आले होते, मफलर तसाच, हातात शेवेचा पुडा.

"उठतो?"

"उठतो की! डोळे उघडतो आणि कप्तानाला म्हणतो, चाय ला."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत देवासवाले?"

काकांनी धारच्या काकांकडे नीट पाहिलं, गज सोडला आणि सही केली. काचेचं दार उघडलं, काकांचं स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी धारच्या काकांना कागदी कपात चहा आणून दिला. त्यांनी तो नुसता हातात धरून ठेवला.

"काका, चहा गार होतोय," मी म्हटलं, आणि म्हणता क्षणी मला कप्तानाचे ते दोन कप आठवले.

"बाई, मी जन्मात खोटं बोललो नाही," ते हळूच म्हणाले. "आज बोललो. आता हा नाही उठला तर काय करू गं मी?"

ते पाच तास कसे गेले ते मला सांगता येणार नाही. त्या दारामागे काय चाललंय ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि काकांच्या भीतीला इतकी वर्षं हसल्याची मला लाज वाटत होती.

काका उठले. दुसऱ्या दिवशी नळ्या-बिळ्या लावलेल्या अवस्थेत त्यांनी पहिली हाक मारली ती काकूंना नाही. "धारवाले, तो नक्की चहा मागतो?"

"मागतो."

"मग भिकारच भाग आहे! माझ्या तोंडाला पाण्याचीसुद्धा चव नाही, आणि तो उठल्या उठल्या चहा मागतो? अहो, काहीतरी पटेल असं दाखवा!"

धारचे काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. मग म्हणाले, "भिकारच आहे. तुम्ही जिंकलात." तीस वर्षांचं मत त्यांनी असं एका वाक्यात सोडून दिलं. ग्रुपवरही तसं लिहिलं, आणि लोहारद्याचे भिया खरा शेवट लिहून टाकायच्या आत मी त्यांना फोन करून गप्प केलं.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता धारहून फोन येतो. "उठलात का?" एवढंच विचारतात. काका "उठलो" म्हणतात आणि फोन ठेवतात. एकदा धारला नेटवर्क नव्हतं, तर साडेसातला काका चपला घालून बसस्टँडवर निघाले होते.

परवा शाळेत शिकवायला जायच्या आधी त्यांची औषधं द्यायला गेले, तर काका दुकानाचं ड्रॉवर उघडून बसले होते. त्यातून त्यांनी एक जुना, काळपटलेला फ्यूज काढला आणि तळहातावर घेऊन बघत राहिले.

"बाई, बारावा भाग तुझ्या मोबाईलवर आहे म्हणे?"

"आहे."

"शेवटापर्यंत पाहिलास?"

मी औषधाच्या गोळ्या मोजायला लागले. खोटं बोलायला मला धारच्या काकांएवढी हिंमत नाही. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग त्यांनी फ्यूज परत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावून टाकलं.

"राहू दे," ते म्हणाले. "धारवाल्यांनी एवढ्या मेहनतीने उठवलाय त्याला. आता परत कशाला झोपवायचं?"

तेवढ्यात फोन वाजला. सात वाजले होते.

"उठलो, भिया, उठलो," काका म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी फोन लगेच ठेवला नाही. "तुम्ही चहा घेतला का?"