डायरेक्टरला ग्लिसरीन चालत नसे

खोटं रडणं त्याला सहनच होत नसे. नटाच्या डोळ्यांत कुणी ग्लिसरीन घालताना दिसलं की खवळायचा. "दुधात पाणी घालून इकतो का बे?" चकलांब्याच्या शेळ्या राखणाऱ्या घरातला पोरगा, पुण्यात आला तरी शेळ्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. शूटिंगभोवती जमलेली गर्दीसुद्धा तो 'हुर्र' करून हाकायचा. आम्ही त्याला डायरेक्टर म्हणायचो, आधी चेष्टेने, मग सवयीने.

तो, सोपान आणि मी एकाच गावचे, पुण्यात एकाच खोलीत राहायचो. सिनेमा त्याने आमच्यावरच काढला: शहरात नाव कमवायला आलेले तीन मित्र. सोपान हिरो, मी कॅमेऱ्यामागे. हिरोला बाप गेल्याचं कळतं, तिथे सोपानला काही केल्या रडू येईना. डायरेक्टर बाहेर गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. "सोपान, गावाकडून फोन आलता. आप्पा गेले रे."

सोपान जमिनीवर लोळून रडला. कॅमेरा चालूच होता.

"कट! लई भारी. तुझा बाप ठणठणीत हाय, ऊठ, जेवून घे."

असा हरामखोर माणूस. आणि शॉट अप्रतिम आला, तेही खरंच.

सिनेमा कुणी घेतला नाही. गेवराईच्या एका मंगल कार्यालयात एकदाच दाखवला. निम्मे लोक पंगत असेल म्हणून आले होते, जेवण नाही कळल्यावर उठून गेले. डायरेक्टर मुकाट्याने गावी परतला.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा रानात कोसळले. जवळ डायरेक्टरच होता, फोनही त्यानेच केला. सोपान हसला. "आता कोणता शॉट राहिलाय बे?" आणि फोन बंद करून टाकला. गावाने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग चुलत्याने अग्नी दिला. मी सोपानला शोधून आणलं ते सावडायच्या दिवशी. त्याने राख गोळा केली, रडला मात्र नाही.

डायरेक्टर पुढे झाला. "मार मला."

"कावून? या बारीला तर तू खरं बोललास."

डायरेक्टर आता मांजरसुंब्याला एका ढाब्यावर असतो. सिनेमाचं नाव काढत नाही. वर्षश्राद्धाला आला, तो दारातच बसला. आत सोपानने आईपुढे मोबाइल धरला होता.

"आये, खरं गेले तवा डोळ्याला पाणी आलं न्हाई. आप्पासाठी रडलो ते एवढंच हाय."

म्हातारीने शेवटपर्यंत पाहिलं. पदराने काच पुसली आणि म्हणाली, "परत लाव."