लाहेला मावशीचं गाळलेलं कडवं

हवाईतल्या मोलोकाई बेटावर चार तारांची युकुलेले वाजवणारा कुणी भेटला, तर त्याला पहिलं गाणं कुणी शिकवलं असं विचारू नये. उत्तर सगळ्यांचं एकच असतं आणि विचारणारा उगाच परगावचा ठरतो. लाहेला मावशीनं शिकवलेलं असतं. तीस वर्षं, दर शनिवारी सकाळी नऊला, तिच्या घरालगतच्या मोटारीच्या शेडमध्ये. शेडमध्ये मोटार मात्र कधीच नसते. मावशीचा नवरा केओकी ती पपईच्या झाडाखाली उभी करतो आणि टपावर पडलेल्या पपयांबद्दल आठवडाभर कुरकुरत राहतो.

मावशीची उमेदीची वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. तीनशे पोरांचा भात शिजवायचा, वाढायचा, ओरडायचं. गाणं ती कुठं रीतसर शिकलेली नाही. स्वरलिपी तिला वाचता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांच्याबद्दल तिचं मत फारसं बरं नाही. "कागदाकडे बघत वाजवणारा माणूस समोरच्याकडे कधी बघणार?" असं ती म्हणते. पण भल्याभल्या वादकांना न जमणारी एक गोष्ट तिला जमते. तिच्याकडे आलेला माणूस पहिल्याच दिवशी गाणं घेऊन घरी जातो. बोटं जाड असोत, कान बधिर असोत, जन्मात कधी ताल धरलेला नसो. अकरा वाजता त्याचं अख्खं गाणं वाजवून झालेलं असतं आणि तो स्वतःशीच हसत दाराशी चपला शोधत असतो.

सगळी करामत त्या गाण्याची. दोनच कॉर्ड, एफ आणि सी-सेव्हन. पहिल्याला दोन बोटं लागतात, दुसऱ्याला एक. चाल इतकी संथ, की मागे राहिलेल्यालाही धावत न जाता गाठता येते. पहिल्या कडव्यात डोंगरावरून उतरणारा वारा, दुसऱ्यात भरतीच्या वेळी मासळीच्या तळ्यात शिरणारं पाणी, तिसऱ्यात कड्यावर येऊन थबकलेला पाऊस. बस्स, एवढंच. मावशीची आई इस्त्री करताना हे गुणगुणायची. शिकवायला लागली की मावशीला गरम कापडाचा वास यायचा, आईचे अर्धवट मिटलेले डोळे दिसायचे, आणि तिचे स्वतःचेही तसेच मिटायला लागायचे. शेडबाहेर चाफ्याची फुलं पडत असायची. समोर समुद्रापलीकडे लानाई बेट कधी असायचं, कधी नसायचं. आणि दहाबारा नवशिकी माणसं त्या दोन कॉर्डांवर अशी डुलत बसायची, की घरी चुलीवर काय ठेवून आलोय याचा सगळ्यांना विसर पडायचा. दोनतीन भाताची पातेली या वर्गापायी करपली आहेत, हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे.

निशिमोतो काका या वर्गाला तिसऱ्यांदा बसलेले. चाळीस वर्षं रस्त्याचा रोलर चालवलेला माणूस, बोटं गाजरासारखी.

"मावशी, माझं एकच बोट तीन तारांवर बसतंय," ते दर शनिवारी तक्रार करायचे.

"मग दोन बोटं वाचली की, काका. खिशात ठेवा."

आता खरी गोष्ट सांगतो. त्या गाण्याला चौथं कडवं होतं. मावशीची आई तेही गुणगुणायची. त्यात एक नाव होतं, काहिवालानी. त्या नावापाशी चाल हळूच वर चढायची आणि तिथे तिसरा कॉर्ड लागायचा, बी-फ्लॅट. ज्यांनी युकुलेले हातात धरली आहे, त्यांना नुसत्या नावानं कापरं भरेल. पहिलं बोट पहिल्या पडद्यावर आडवं दोन तारांवर दाबायचं, मधलं दुसऱ्या पडद्यावर, अनामिका तिसऱ्यावर, आणि मनगटाची मान मुरगळायची. एवढं करून आवाज येतो तो डब्यातल्या खिळ्यांचा. पहिल्या वर्षी दोन बायका बी-फ्लॅटवरूनच उठून गेल्या त्या परत आल्या नाहीत. मावशीच्या जिव्हारी लागलं. तिनं ते कडवंच गाळून टाकलं.

हे तिनं करायला नको होतं, आणि नको होतं हे तिला माहीत होतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, की ज्या गाण्यात माणसाचं नाव आहे ते गाणं त्या माणसाचं असतं. ते त्याला दिलेलं असतं. दुसऱ्या कुणाला गायचं झालं, तर आधी त्या घरी जाऊन विचारायचं. पण ही काहिवालानी कोण हे सांगणारी आई तोवर गेली होती. असेल कुठल्या दुसऱ्या बेटावरची, केव्हाच देवाघरी गेलेली बाई, अशी मावशीनं स्वतःची समजूत घातली. नावच काढलं म्हणजे विचारायचाही प्रश्न मिटला. फार सोयीचं झालं सगळं.

गेल्या मे महिन्यात निशिमोतो काकांच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. मूल वर्षाचं झालं की आमच्याकडे अख्खं गाव जेवायला येतं, आणि मावशीच्या वर्गाचं गाणं ठरलेलं. काकांनी त्या दिवशी एकही चूक केली नाही, म्हणून सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर एक चाळिशीची बाई मावशीपाशी आली. हातात घरी न्यायचं झाकलेलं ताट. ही नोहेया. होनोलुलूची नोकरी सोडून म्हाताऱ्या आजीला सांभाळायला नुकतीच परत आलेली.

"मावशी, हे गाणं कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? सगळ्यांचं. पहिल्या दिवसाचं गाणं आहे ते."

"माझ्या आजीचं आहे." नोहेयाचा आवाज चढला नाही, म्हणूनच जास्त लागला. "ती जन्मली त्या दिवशी तिच्या वडलांनी बांधलेलं. काहिवालानी. तुम्ही सगळे तिला टूटू हिवा म्हणता ना, तिचं."

टूटू हिवा! बाराव्या मैलापाशी, चर्चजवळच्या हिरव्या घरात राहणारी नव्वदीची टूटू, म्हणजे आजी. तिच्या दारावरून मावशी हजारदा गेली असेल, हात हलवून गेली असेल.

"आणि गाळलंत तेही कुठलं," नोहेया म्हणाली. "नेमकं तिचं."

पुढच्या शनिवारी शेड रिकामं राहिलं. मावशीनं फाटकावर पाटी लावली, वर्ग बंद. कारण लिहिलं नाही. केओकीनं मोटार आनंदानं आत आणून ठेवली, मग बायकोचा चेहरा बघून पुन्हा बाहेर काढली.

"जाऊन ये तिच्याकडे," तो म्हणाला.

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"आहे तेच घेऊन जा. दुसरं आहे का तुझ्याकडे?"

"चेष्टा सुचतेय तुला. ती म्हणाली शिकवायचं नाही, तर काय करू? तीस वर्षं, केओकी. एवढंच एक जमलंय मला जन्मात."

"भात बरा करायचीस की," केओकी म्हणाला, पण हळू आवाजात. मग त्यानं परसातून अळकुड्या काढून आणल्या आणि किसायला बसला. नारळाचं दूध घालून दिवसभर वाफवलेला गोड कुलोलो घेऊन मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जात नाहीत, आणि माफी मागायला तर नाहीच. युकुलेले तिनं घरीच ठेवली. ती न्यायची तिला लाज वाटली.

टूटू हिवा ओटीवर खुर्चीत बसली होती. डोळे जवळजवळ गेलेले, केसांत ताजं फूल. मावशी पायरीवरच बसली आणि सगळं सांगून टाकलं. आईची इस्त्री, बी-फ्लॅट, उठून गेलेल्या दोन बायका. न विचारल्याचंही सांगितलं, आणि माहीत असून विचारलं नाही हेही सांगितलं. सांगताना ती रडली. नोहेया दारात हाताची घडी घालून उभी होती.

"आईचं नाव काय तुझ्या?" टूटूनं विचारलं.

"लुइका."

"लुइका!" म्हातारी खुदकन हसली. "अननसाच्या मळ्यात माझ्या ओळीला होती. मीच गायचे, ती ऐकायची. विचारलं होतं तिनं मला, घरी गाऊ का म्हणून. मी गा म्हटलं."

मावशीला थोडा धीर आला. पण टूटूचं संपलं नव्हतं.

"हे समोर शाळेच्या बसचा थांबा आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे शिकलेली पोरं तिथे बसून वाजवतात. वारा येतो. पाणी येतं. पाऊस येतो. मला कळतं, आता मीच. नाव घेतलं की ओ द्यायची असते ना ग, म्हणून मी सावरून बसते. आणि तुम्ही थांबता. बस येते, पोरं जातात." तिनं पदर चाचपावा तशी मांडीवरची शाल चाचपली. "इतकी वर्षं झाली. मला वाटायला लागलं होतं, मी गेलेय असं सगळ्यांनी धरलंय."

"टूटू, एकदा हाक मारून सांगायचं तरी!"

"माझं नाव घ्या असं मीच सांगू? वेडी आहेस का?"

मावशीनं कुलोलो तिच्यापुढे सरकवला.

"शिकव तू," टूटू म्हणाली. "शिकवू नको असं मी म्हणत नाही. पण माझ्या दारापर्यंत येऊन परत फिरायचं नाही. नाव येईपर्यंत गाणं संपवायचं नाही. जमलं तर शनिवारी मी येते ऐकायला. नाही जमलं तर गाणं मला परत दे."

मावशी हो म्हणून आली, आणि घरी येऊन कपाळाला हात लावून बसली. पहिल्या दिवशी बी-फ्लॅट! तिनं गाणं सी पट्टीत उतरवून पाहिलं, तर तिथे जी-सेव्हनला तीन बोटं, शिवाय चाल इतकी खाली गेली की म्हातारी माणसं पुटपुटल्यासारखी वाटली. तिनं निशिमोतो काकांना बोलावून तीन दिवस बी-फ्लॅट घटवून घेतला. चौथ्या दिवशी काकांनी बोटांवर पट्टी बांधली आणि म्हणाले, "मावशी, मी रोलर परत चालवतो. तो सोपा होता."

शनिवार आला. पाटी काढली होती. सातजण आले, त्यांतल्या दोघींनी युकुलेले आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेली. नोहेयानं टूटूला मोटारीतून उतरवून चाफ्याजवळच्या खुर्चीत बसवलं. म्हातारीनं नवा झगा घातला होता, गळ्यात माईले वेलीच्या पानांची लेई, म्हणजे माळ. मावशीला ते बघवेना.

सुरुवात छान झाली. वारा उतरला, तळ्यात पाणी शिरलं. त्या दोन नव्या पोरींचेही डोळे मिटायला लागले. लानाई समोर निळं होऊन तरंगत होतं. सकाळ अशी सैल झाली होती, की मावशीला क्षणभर वाटलं, हे आपोआपच पार पडेल. तिसरं कडवं झालं. चौथं आलं. चाल वर चढली आणि खिळ्यांचा डबा सांडला. कुणाचं बोट कुठे, कुणाचं कुठे. गाणारे गप्प, तारा नुसत्या खरखरत राहिल्या. नाव कुणाच्याच तोंडून पुरतं निघालं नाही.

"पुन्हा," मावशी म्हणाली.

पुन्हा तेच. एक नवी पोरगी युकुलेले मांडीवर ठेवून म्हणाली, "मला नाही येणार हे. मी जाते."

टूटू खुर्चीत सावरून बसली होती, ती जराशी मागे टेकली. नोहेयानं आजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोटारीकडे बघितलं. मावशीला तीस वर्षांपूर्वीच्या त्या दोन बायका आठवल्या. तेव्हा उठून जाणाऱ्यांची तिला एवढी भीती वाटली, की खुर्चीत बसून राहिलेल्या बाईचा विचारच तिच्या मनाला शिवला नव्हता. आता तिला स्वतःचा राग आला. बोटांचं काय एवढं मोठं! एका कॉर्डापायी आपण माणूस गाळला.

"बस खाली," ती त्या पोरीला म्हणाली. "सगळ्यांनी ऐका. चौथ्या कडव्यात चाल चढली, की हात काढायचे. तारांना हातच लावायचा नाही."

"मग वाजवायचं काय?" निशिमोतो काकांनी पट्टी बांधलेली बोटं वर करून विचारलं.

"काही नाही वाजवायचं. नुसतं नाव घ्यायचं. ते तरी येतं ना?"

त्यांनी पुन्हा धरलं. वारा, पाणी, पाऊस. मग चौथं कडवं सुरू झालं, चाल वर निघाली, आणि मावशीनं तळहात तारांवर टेकवला. सगळी वाद्यं एकदम गप्प झाली. त्या शांततेत फुलं पडल्याचं ऐकू आलं असतं. मग सगळ्यांनी, कुणी सुरात, कुणी बेसूर, काकांनी तर सरळ बोलल्यासारखं, एका दमात गायलं: काहिवालानी.

"एओ!"

खुर्चीतून ओ आली. नव्वद वर्षांच्या छातीतून इतका खणखणीत आवाज निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. म्हातारी काठीचा आधार न घेता अर्धी उठली होती. नोहेयानं तोंडावर रुमाल धरला. पुढचा कॉर्ड वाजवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, सगळे खुर्चीकडे बघत राहिले.

थोड्या वेळानं टूटूच म्हणाली, "कडवं दोनदा म्हणतात, बाळांनो. थांबलात काय?"

मावशीनं डोळे न पुसताच पुन्हा एफ धरला.