उतरलेला मध्यम

नौपाड्यात एका जिन्याखाली गोपीनाथ भोईर भजनाच्या पेट्या दुरुस्त करतो. कान असा तिखट की शेजारच्या डेअरीतला फ्रिज कोणत्या स्वरात घुमतोय, हे कोणी न विचारताही सांगतो. आपल्या हातून बेसूर पेटी कधी बाहेर गेली नाही, याचा त्याला भारी तोरा.

म्हणून सुमतीबाईंच्या भजनी मंडळाची पेटी दुसऱ्याच दिवशी परत आली, तेव्हा तो चिडला. काल त्यानं भाता नीट केला होता आणि कित्येक वर्षं उतरलेल्या मध्यम स्वराची पितळी पट्टी टोकाशी खरवडून सुरात आणली होती. संध्याकाळी कार्यक्रम, आणि बायका म्हणत होत्या, पेटी बिघडवलीत.

त्यानं वाजवून दाखवली. चोख होती. मग त्यांना गायला लावलं. मध्यम आला आणि सगळ्या एकजात खाली घसरल्या. इतकी वर्षं त्या उतरलेल्या पट्टीबरोबर गाऊन गळ्यांना तीच सवय लागली होती. गोपीनाथनं समजावलं, पुन्हा गाऊन घेतलं. शेवटी सुमतीबाई पायरीवर बसल्या. आज मी गात नाही, म्हणाल्या. कार्यक्रम त्यांच्याच पंच्याहत्तरीचा होता.

त्यांचा चेहरा बघून गोपीनाथ विरघळला. एकदा पेटीशिवाय गा, म्हणाला. त्या गायल्या. बेसूरच, पण सगळ्या मिळून, एकमेकींना धरून. गोपीनाथच्या अंगावर काटा आला आणि लगेच हसूही फुटलं. साऱ्या मंडळात कालपासून एकटी पेटीच वेगळं गायला लागली होती!

आता पट्टी परत उतरवायची, तर उद्या लोक म्हणणार, गोपीनाथचा हात गेला. तरी त्यानं कानस उचलली. मग त्यानं पेटी उघडली आणि चांगली लागलेली पट्टी मुळाशी खरवडून पुन्हा उतरवली. उभ्या आयुष्यात असलं काम त्यानं केलं नव्हतं.

संध्याकाळी हॉल भरलेला. सुमतीबाई खुल्या आवाजात गात होत्या, लोक टाळ्यांनी ठेका धरत होते, आणि मागच्या रांगेत गोपीनाथ मनापासून डोलत होता. शेजारी गाण्याचे क्लास घेणारे मितेश सर बसले होते. ते त्याच्या कानाशी लागले. मध्यम उतरलाय हो, कोणी दुरुस्त केली ही पेटी?

गोपीनाथला गप्प बसता आलं असतं.

"मीच," तो छाती काढून म्हणाला. "मध्यम त्यांना हवा तसाच लावलाय. ऐका आता."